टेकाडाची पाळी

तामोत्सुभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. एकोणीसशे त्रेसष्टचा जून महिना होता. मी बावीस वर्षांची, आमच्याच ओरोसे वाडीच्या शाळेत नुकतीच लागलेली बाई. तिसरीच्या चौदा मुलांना घेऊन पानं गोळा करायला निघाले होते. डोंगरातल्या बोगद्यातून पाटाचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे देवदारांच्या सावलीत एक बुटकं टेकाड आहे. त्यावर एक माणूस उकिडवा बसून विळ्याने गवत कापत होता. डोक्याला पंचा बांधायची त्याची तऱ्हा आमच्या वाडीची नव्हती. गाठ कपाळावर होती. आमच्याकडे ती मागे असते.

टेकाडाच्या माथ्यावर नदीतला एक गोटा उभा करून ठेवलेला. त्यावर एक अक्षरही नाही. हिरोए नावाची एक चौकस मुलगी होती, तिने विचारलं, "काका, हे कोणाचं थडगं?"

तो माणूस उठला, पंचा सोडून हातात घेतला आणि त्या आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाला द्यावं तसं उत्तर दिलं. "मला ठाऊक नाही, बाळ. मी घरजावई आहे. सासऱ्यांनी सांगितलं गवत काप, म्हणून कापतोय. तुझ्या बाईंना विचार. बाई इथल्याच आहेत ना."

मला ठाऊक होतं. मी मुलांना म्हटलं, "चला, रांग मोडू नका."

तो माणूस आमच्या शेजारच्या ओबारांच्या घरी आदल्या हिवाळ्यात आला होता. समुद्राकाठी मासे वाळवणाऱ्या कुटुंबातला तिसरा मुलगा. ओबारांना मुलगा नव्हता, म्हणून किनुशी लग्न करून त्याने सासरचं आडनाव घेतलं आणि आमच्या डोंगरात राहायला आला. वाडीने त्याच दिवशी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. आज तो माणूस ऐंशीला टेकला आहे, त्याला नातवंडं आहेत, तरी दुकानात कोणी ना कोणी म्हणतंच, "काय जावईबापू, मानवतंय का इथलं पाणी?"

पाणी त्यांना मानवलं होतं. वनविभागाच्या लाकूडकामावर करवतींना धार लावायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. शेजारून आलेला वाडगा धुऊन, पुसून, त्यात दोन का होईना फळं घालून परत करणारा माणूस. सैल गाठ दिसली की अस्वस्थ व्हायचे. माझ्या कुंपणाची सुतळी त्यांनी न विचारता किती वेळा सोडून पुन्हा बांधली असेल, त्याची गणती नाही.

टेकाड कोणाचं हे त्यांनी नऊ वर्षं विचारलं. न्हाव्याला, पोस्टमास्तरांना, देवळाच्या पुजाऱ्यांना. प्रत्येकाचं उत्तर एकच. "ते ओबारांचं आहे." जसं काही ते परसातलं फळझाड. ओबारा म्हणजे सासरे, शोकिची. त्यांचा उजवा हात लग्नाच्याच वर्षी लुळा पडला होता आणि वाचाही अर्धी गेली होती. शेवटी बहात्तर सालच्या शरदात, ओसरीवर पर्सिमनची फळं सोलता सोलता, म्हाताऱ्याने तुटक शब्दांत जावयाला सांगितलं.

मला ते माझ्या आईने आधीच सांगितलं होतं. वाडीत सगळ्यांनाच कोणी ना कोणी सांगितलेलं होतं. महायुद्धाच्या शेवटच्या दीड वर्षात बोगदा खणायला चीनमधून माणसं पकडून आणली होती. देवदारांखाली त्यांची छपरं होती. सतरा जण तिथेच उपासाने गेले. जुलैच्या शेवटी, म्हणजे युद्ध संपायला पंधरवडा उरला असताना, उरलेल्यांतले काही जण पळाले. वाडीच्या अग्निशमन पथकाने घंटा बडवली, बांबू तासून भाले केले आणि घरटी एक पुरुष डोंगरात गेला. शोकिची पुढे होते. नऊ जण सापडले. त्यांना देवळाच्या अंगणात खांबांना बांधून दोन दिवस उन्हात ठेवलं. अंगणातच विहीर आहे. त्यांना पाणी द्यायचं नाही, असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊही जण मेलेले होते. सव्वीस माणसं त्या टेकाडात आहेत. बोगदा पुरा झाला. आमच्या एकतीस घरांची भातशेती त्याच पाण्यावर आहे.

वाडीचा इतिहास मी अडतीस वर्षं शिकवला. बोगद्याची लांबी किती, उतार किती, त्यामुळे भाताचं पीक कितीने वाढलं, हे सगळं मुलांकडून पाठ करून घेतलं. तो कोणी खणला हे परीक्षेत कधी विचारलं नाही.

तामोत्सुभाऊंनी ऐकलं, दुसऱ्या दिवशी विळा घेऊन गेले, आणि गवत कापून झाल्यावर पहिल्यांदाच गोट्यासमोर वाकले. हे किनुने मला सांगितलं. त्यानंतरच्या जानेवारीपासून वाडीच्या सालाबादच्या सभेत शेवटी ते हात वर करू लागले. आमच्याकडे पाटाची पाळी असते. देवदाराची एक पाटी आहे, तळहाताएवढी. ती ज्याच्या दारावरच्या खिळ्याला असेल त्याने त्या आठवड्यात पाटातला गाळ काढायचा, पालापाचोळा उपसायचा, आणि रविवारी पाटी पुढच्या दारी नेऊन अडकवायची. घर श्रीमंत असो, गरीब असो, त्यात मयत झालेलं असो, पाटी चुकत नाही.

"पाण्याची पाळी एकतीस घरांना आहे," तामोत्सुभाऊ म्हणायचे. "पाणी आणणारे टेकाडात आहेत. मग टेकाडाची पाळी एकाच घराला का?"

सभा थोडा वेळ चटईकडे बघायची. मग कोणीतरी म्हणायचं, "विचार करायला हवा." ते इतिवृत्तात लिहिलं जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नाही कोणी कधी म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं तामोत्सुभाऊ एकदा माझ्या कुंपणापाशी म्हणाले होते.

मग त्यांच्या हातून चूक झाली. ती आमच्याच लोकांच्या हातून व्हावी अशी चूक.

अठ्ठ्याण्णव साली चीनहून मेलेल्यांपैकी तिघांचे नातेवाईक आले. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी त्यांना टेकाड दाखवलं, आणि शेजारी इस्त्रीचा सदरा घालून उभ्या असलेल्या तामोत्सुभाऊंना दाखवलं. "हे गृहस्थ इतकी वर्षं देखभाल करतात." एका म्हाताऱ्या बाईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि किती तरी वेळ आपल्या भाषेत काही बोलत राहिली. दुभाष्याने एवढंच सांगितलं, "त्या आभार मानताहेत." मी तिथे होते. तामोत्सुभाऊंचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला होता.

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेने त्यांना आभारपत्र द्यायचं ठरवलं. आमच्याकडे असं काही देऊ केलं की माणूस आधी नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा मान तुकवून घेतो. दोनदाच्या नाहीला नाही समजत नाहीत, तो शिष्टाचार असतो. तामोत्सुभाऊ दोनदा मनापासून नाही म्हणाले. तिसऱ्यांदा अधिकारी घरी आला, बर्फातून चालत, कपाळावर घाम. त्याला तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून त्यांनी मान तुकवली. किनुने ते पत्र काचेत बसवून देवघराच्या वर लावलं.

त्यानंतरच्या जानेवारीत त्यांनी हात वर केला तेव्हा सभेने पहिल्यांदाच चटईकडे पाहिलं नाही. सगळे हसतमुख होते. "अहो जावईबापू," तेव्हाचे वाडीप्रमुख म्हणाले, "तुमच्या मानाचं काम आम्ही कसं हिसकावून घेणार?"

"मान नाही तो."

"बघा, किती विनय आहे. आम्हाला नाही हो हे जमायचं."

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पत्र भिंतीवरून काढलं. किनुने पुन्हा लावलं. पाहुणे विचारतील, म्हणाली.

दोन हजार तेरा साली त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. उतार चढणं जड जाऊ लागलं. तेव्हा त्यांनी एक देवदाराची फळी तासून पाटी केली. पाटाच्या पाटीएवढीच, त्याच जाडीची, वर तसंच भोक. ब्रशने लिहिलं, 'टेकाडाची पाळी'. आणि एका रविवारी सकाळी, पाटी फिरते त्याच क्रमाने, पुढच्या दारी नेऊन अडकवली. पुढचं दार माझं होतं.

मी त्या पाटीकडे दुपारपर्यंत बघत बसले. माझी पाठ तेव्हा दुखत असे, हे खरं. पण पाठीचं कारण मी भांडं घासताना जुळवलं, हेही खरं. दुपारी काळे घेवडे गोड शिजवले होते, ते डब्यात भरले, वर पाटी ठेवली आणि शेजारी गेले.

"पाठ धरलीय हो," मी म्हटलं. "नाही तर नक्की केलं असतं. फार वाईट वाटतंय."

त्यांनी डबा घेतला, पाटी घेतली. "घेवडे छान शिजलेत," म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबा धुतलेला, आत दोन संत्री, माझ्या पायरीवर होता.

ते पाटी पुढे नितोबेंकडे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी ती परत आली, सोबत शिजवलेला भोपळा. मग त्यापुढच्या घरी. महिनाभर ती पाटी वाडीत फिरत होती. सगळ्यांनी परत केली आणि रिकाम्या हाताने कोणीच केली नाही. मुळ्याचं लोणचं, वाळवलेले पर्सिमन, नवा टॉवेल, गरम पाण्याच्या झऱ्याच्या सहलीचं तिकीट. सगळ्यांना फार वाईट वाटत होतं. किनु मला म्हणाली, "बाई, एवढ्या माफ्या ठेवू कुठे? कपाटात जागा नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तामोत्सुभाऊंनी गवत कापलं नाही. मुद्दामच. जून गेला, जुलै गेला. टेकाडावर गवत कमरेएवढं झालं, गोटा दिसेनासा झाला. ते रोज सकाळी काठी टेकत पाटापर्यंत जायचे, बघायचे आणि परत यायचे. त्यांचं गणित सरळ होतं: गवत वाढलेलं सगळ्यांना दिसेल, सगळ्यांना खटकेल, आणि मग सगळे मिळून विचारतील की हे कोणी कापायचं.

सगळ्यांना दिसलं. खटकलंही. ऑगस्टमध्ये पितरांचे दिवस येतात, शहरातली मुलं घरी येतात, त्याआधीच्या रविवारी वाडीतली बावीस माणसं गवत कापायची यंत्रं घेऊन टेकाडावर गेली. तासाभरात टेकाड स्वच्छ झालं. मीही होते, कापलेलं गवत गोळा करत. मला वाटलं, झालं बाई एकदाचं. तामोत्सुभाऊंचं म्हणणं पोचलं.

मग सगळे रांगेने ओबारांच्या दारी गेले. आताचा वाडीप्रमुख सासामोरी माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा, बोलण्यात पक्का. तो पुढे झाला आणि कमरेत वाकला.

"काका, आम्ही चुकलो. तुमचा गुडघा एवढा बिघडलाय आणि आमच्या लक्षातच आलं नाही. काळजी करू नका. तुमचं काम करून टाकलंय."

"माझं?" तामोत्सुभाऊ म्हणाले.

"हो ना. अगदी चकाचक. तुम्ही आता आराम करा. पुढच्या वर्षीही काही वाटलं तर सांगा, आम्ही मदतीला येऊ."

"मदतीला."

"संकोच करायचा नाही."

तामोत्सुभाऊ ओसरीवरून खाली उतरले. त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. "सासामोरी, तुझे आजोबा त्या रात्री डोंगरात गेले होते की नाही?"

सासामोरीचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले. "काका, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"मी तर या वाडीतही नव्हतो. भाले केले तेव्हा मी सात वर्षांचा, समुद्राकाठी मासे उलटे करत होतो. पण पन्नास वर्षं भात इथला खातोय. पाणी चालूच आहे ना अजून? की ते तुझ्या जन्माआधीचं म्हणून तू बंद केलंस?"

 मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "ऊन लागलंय त्यांना. किनु, पाणी दे गं." आणि किनुने खरोखरच पाणी आणलं. तामोत्सुभाऊंनी तो पेला हातात घेतला, त्यात पाहिलं आणि न पिता ओसरीवर ठेवला. सगळे वाकून नमस्कार करत मागे सरले. वाटेत कोणीतरी म्हणालं, "वयाने चिडचिड होतेच."

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. ते ओसरीवर विळ्याला धार लावत होते. विळ्याला धारेची गरज नव्हती. किनु म्हणाली, "जेवत नाहीत धड. वाडीने पुन्हा भोपळा पाठवलाय, तो बघितला की उठून जातात."

मी त्यांच्यासमोर बसले. घरून वाक्य ठरवून गेले होते, शिक्षिकेची सवय. पण ठरवलेलं काही आलं नाही. "देवळाच्या अंगणात विहिरीपाशी दांडकं घेऊन उभा होता तो माणूस माझे वडील," मी म्हटलं. "दोन दिवस. कोणी पाणी देऊ नये म्हणून. आईने चोरून एक पंचा भिजवून नेला होता, तो त्यांनी तिच्या हातातून घेतला आणि तिथेच पिळून टाकला. मी चार वर्षांची होते. मला आठवत नाही. पण आईने सांगितलंय."

तामोत्सुभाऊंनी विळा खाली ठेवला. ते काही समजुतीचं बोलतील असं मला वाटलं, आणि मला ते हवंही होतं. पंचाहत्तरीजवळच्या बाईला कोणीतरी म्हणावं, तुमचा काय दोष.

"मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मी काय पुजारी आहे? चाळीस वर्षं सगळे एकेक करून या ओसरीवर येतात, मला एकट्याला सांगतात आणि हलके होऊन घरी जातात. न्हावी सांगून गेला. नितोबेंची आजी सांगून गेली. टेकाडाला गवत येतं ना, तसं माझ्या कानांत येतंय ते. सभेत सांगा, बाई. सभेत."

"सभेत मला जमणार नाही."

"मग घेवडे तरी आणायचे होते," ते म्हणाले आणि पुन्हा धार लावू लागले.

मी रागाने घरी आले. आठवडाभर कुंपणापाशी गेले नाही. माणसाने एवढं जिवावरचं बोलावं आणि समोरच्याने टोमणा मारावा. मग राग उतरला तसं दिसायला लागलं की टोमणा नव्हता तो, हिशोब होता. मी जे आणलं होतं तेही घेवड्यांसारखंच होतं. गोड करून, डब्यात घालून, त्यांच्या दारी ठेवायला.

जानेवारीच्या सभेत मी हात वर केला. त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. उभी राहिले, कारण बसून मला बोलता येत नाही, आणि वडिलांचं सगळं सांगितलं. दांडकं, विहीर, पंचा. वडिलांचं नाव घेतलं. मग म्हटलं, "टेकाडाची पाळी आमच्या घराला आहे. ती मी परत करायला नको होती. इतर घरांनी आपापलं बघावं."

शेगडीवरची किटली उकळत होती. समोर बसलेल्यांतले निम्मे माझ्या हाताखाली शिकलेले. ते माझ्याकडे बघत होते ते बाईंनी फळ्यावर चुकीचं लिहिल्यावर मुलं बघतात तसं, कोणी सांगायचं या विवंचनेत. तामोत्सुभाऊ मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही.

सासामोरी शेवटी म्हणाला, "बाई, फार त्रास झाला असेल तुम्हाला हे सांगताना. आम्ही आभारी आहोत." सगळे वाकले. "आता चहा घेऊ या."

इतिवृत्तात लिहिलं गेलं: बाईंनी जुन्या काळच्या आठवणी सांगितल्या.

सभेहून परतताना मी ओबारांच्या दारावर दुसऱ्या खिळ्याला लटकणारी टेकाडाची पाटी काढली आणि माझ्या दाराला नवा खिळा ठोकून त्यावर अडकवली. पाटाच्या पाटीच्या खिळ्याशेजारीच. तामोत्सुभाऊ कुंपणापलीकडून बघत होते. "खिळा तिरका गेलाय, बाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी येऊन तो काढून सरळ ठोकून गेले.

याला आता दोन वर्षं झाली. जूनमध्ये मी गवत कापते, पाठ दुखते तशी दुखते. पाटी पुढे नितोबेंकडे जायला हवी. दोनदा नेली. दोनदा परत आली, दुसऱ्या वेळी लोण्याच्या बिस्किटांसोबत. बिस्किटं मी डब्यासकट परत पाठवली, तेव्हापासून नितोबे रस्त्यात भेटले की वळून जातात. नाही म्हणायची मोकळीक आम्ही एकमेकांना कधी दिलीच नाही, त्यामुळे हो म्हणायचंही आम्हाला येत नाही. एवढ्यात सासामोरी आला होता. दारात उभा राहून, टोपी हातात फिरवत म्हणाला, "बाई, नगरपालिकेत तुमचं नाव सुचवावं म्हणतोय. आभारपत्रासाठी."

मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. तो थांबून राहिला, चौथ्या वेळी काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मीच शिकवलं नव्हतं.

हे मी कुंपणापाशी सांगितलं तेव्हा तामोत्सुभाऊ हसले नाहीत. "नितोबेंकडे पुन्हा न्या," एवढंच म्हणाले.

ते आता एकोणऐंशीचे आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी गावातल्या म्हाताऱ्यांच्या केंद्राची गाडी त्यांना न्यायला येते. त्यांच्या दारावरचा पाटीचा तो दुसरा खिळा अजून तिथेच आहे. त्यावर ते आपली गवती टोपी अडकवतात.